कोऱ्या लेबलची तबकडी

मी देवबाग सोडलं त्या सकाळी बापूस रापण ओढत होता. मुलगा परदेशी चाललाय, मालवण बंदराबाहेर मुंबईला नेणारी बोट कधीही येऊन उभी राहील, निदान त्या दिवशी तरी माणूस घरी बसेल की नाही? नाव नको. तो किनाऱ्यावर उभा राहून माणसांना आरोळ्या देत होता, आणि मी नवे बूट हातात धरून त्याच्या पाया पडायला वाळूतून चालत गेलो. पाया पडू देण्याआधी त्याने दोरीकडे बोट दाखवलं. "आधी हात लाव." म्हणून मी, लंडनला निघालेला शहाणा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रापण ओढायला उभा राहिलो.

तुमच्यापैकी ज्यांनी रापण कधी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीने समुद्रात लांबलचक जाळं अर्धगोल टाकायचं, त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि दोन्हीकडे माणसांनी रांगेत उभं राहून, उलट्या पावलांनी मागे सरत ओढायच्या, ती रापण. मासळी वर आली की वाळूवर वाटे पडतात. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. शेवटी धावत येऊन हात लावणाऱ्यालासुद्धा. तो कुणाचा कोण, कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही. बापूस त्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, आणि वाटे त्याच्या हातून पडायचे.

त्या दिवशी बांगडा लागला होता. बापसाने माझा वाटा वेगळा काढला आणि म्हणाला, "खंयय गेलस तरी दोरीक हात लाव. वाटो गावतलोच." मग लगेच पाठ फिरवून दुसऱ्यांच्या वाट्यांकडे गेला. रडायचं असेल तेव्हा त्याला नेहमी काहीतरी काम आठवायचं.

आई, आमच्या बोलीत आवस, तिचं वेगळं. तिच्या तावडीतून हळदकुंकवाशिवाय कुठलीच वस्तू सुटली नाही. नवी होडी, नवं जाळं, शेजारणीची शिवणाची मशीन, सगळ्यांना ती हळदकुंकू लावून, अक्षता टाकून, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायची. माझ्या ट्रंकेला लावलं, छत्रीला लावलं, आणि बूट घालायच्या आत बुटांनाही लावलं. "बा देवा म्हाराजा, माझो झील लांब चललो आसा, तेका माणसा बरी गावांदेत." आणि अंगणातले सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा." लंडनच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा बुटाच्या शिवणीत लाल रेघ होती, ती किती घासली तरी गेली नाही.

लंडनमध्ये पहिली दोन वर्षं कसली गेली ते विचारू नका. दक्षिणेकडच्या एका मोहल्ल्यात तळघराची खोली, दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी उकडलेला बटाटा. तिथला बांगडासुद्धा थंड पडलेला, डोळ्यांत पाणी नसलेला. घरून पत्र आलं की शेवटी बापसाचं एकच वाक्य असायचं, शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं, पण त्याच्याच बोलीत: "थंय तुका कोण आसा?" मी उत्तरात हवापाणी लिहायचो, पगारवाढ लिहायचो. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून लिहीत नव्हतो. पुढच्या पत्रात पुन्हा तेच. तांडेल माणूस, त्याला दोरीवर माझ्या पुढे कोण आणि मागे कोण एवढंच हवं होतं.

माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर सेसिल राहायचा. जमैकाचा, सुतार, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच. त्याने कपाटाएवढे स्पीकर स्वतः ठोकून बनवले होते आणि रविवारी दुपारी कुठला तरी हॉल भाड्याने घेऊन तो नाच लावायचा. ह्या सरंजामाला ते लोक साउंड सिस्टिम म्हणतात. त्याचं इंग्रजी गोऱ्यांना समजत नसे आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून मालवणीतच ऐकू यायचं. तोच हेल, शब्दाचं शेपूट तोडायची तीच सवय. म्हणून त्याचं बोलणं मी इथे आपल्या बोलीतच देणार आहे. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

एका रविवारी तो जिन्यात ते कपाट घेऊन अडकला होता. मी खालून खांदा दिला. नंतर हॉलपर्यंत गेलो, आणि गेलोच आहे तर थांबलो. तिथे मी पहिल्यांदा स्का, म्हणजे त्यांच्या बेटावरचं नाचाचं संगीत, ऐकला. आता तुम्हाला कसं सांगू? आपण टाळी जिथे देतो तिथे ते देतच नाहीत. टाळी पडून गेल्यावर जी मोकळी जागा राहते, तिथे गिटार चक् करते. चक्, चक्, चक्. सगळे म्हणत होते, नवख्या माणसाला ह्यावर पाय टाकायला महिने लागतात. माझे पाय आपोआप पडायला लागले. रापणीत तांडेल आरोळी देतो तेव्हा आपण कुठे ओढतो? आरोळी संपली की मागच्या फटीत. ओढ आणि पाऊल त्या फटीतच पडतं. मी आपला उलट्या पावलांनी मागे सरत, दोरी ओढल्यासारखा नाचलो आणि पोरी हसून हसून बेजार झाल्या. सेसिल म्हणाला, "खंय शिकलस रे ह्या?" म्हटलं, देवबागला. पुढच्या रविवारी निम्मा हॉल माझ्यासारखा उलटा नाचत होता.

त्या पहिल्या रविवारी सामान परत वर नेऊन ठेवल्यावर सेसिलने मला एक छोटी तबकडी दिली. मी पाकिटाला हात घातला तर तो चिडला. "खांदो दिलस मां? मग?" मी ती हातात धरून जिना उतरलो आणि खोलीत येऊन बराच वेळ नुसता हसत बसलो. माझ्याकडे तेव्हा ती वाजवायला काहीही नव्हतं.

तिथून वेड लागलं. शनिवारी अर्धा दिवस काम, की थेट रेकॉर्डांच्या दुकानात. कोपराला कोपर लागेल अशी गर्दी. दुकानदार तबकडीचा एक तुकडा वाजवायचा आणि हात वर व्हायचे. भल्या भल्या इंग्रजी बोलणाऱ्यांत माझ्या तोंडून "माका! माका!" निघून जायचं, आणि दुकानदाराला ते इतकं पाठ झालं की तो मला माका म्हणूनच हाक मारायचा. सगळ्यांत भांडण असे ते प्री-रिलीजसाठी. गाणं बाजारात यायच्या आधी जमैकाहून मोजक्या प्रती विमानाने येत. लेबल कोरं पांढरं, ना गाण्याचं नाव ना गाणाऱ्याचं. कधी चुकून नाव असलंच तर सेसिलसारखे लोक नाण्याने खरवडून टाकत, म्हणजे समोरच्या साउंड सिस्टिमवाल्याला कळू नये काय वाजतंय. मला हे बघून घरी आल्यासारखं वाटलं. बापसाला कुणी विचारावं, आज एवढी सुरमई कुठे गावली? तो अख्ख्या समुद्राकडे हात करून सांगायचा, "थंय भायर." माझ्या तबकड्या मी कारखान्यातल्या बिस्किटांच्या चौकोनी डब्यांत ठेवायचो. त्यांत बरोब्बर बसतात. जणू त्यासाठीच डबे केले होते.

आता त्या एका तबकडीची गोष्ट. दुसऱ्या एका साउंड सिस्टिमवाल्याशी सेसिलचा सामना ठरला होता, म्हणजे एकाच हॉलमध्ये दोघांनी आळीपाळीने वाजवायचं आणि लोक कुणाच्या गाण्यावर जास्त नाचतात ते बघायचं, आणि हॉल निघाला पहिल्या मजल्यावर, जिना हा एवढासा अरुंद. सेसिलची कपाटं काही केल्या वर जाईनात. समोरच्याचे स्पीकर लहान, ते वर जाऊन वाजायलासुद्धा लागले. सेसिल फुटपाथवर डोकं धरून बसला. ती इमारत म्हणजे पूर्वीचं गोदाम होतं, आणि वरच्या मोठ्या खिडकीच्या माथ्यावर माल चढवायची कप्पी अजून होती. मी बघितलं आणि माझ्या अंगात बापूस शिरला. दोरी आणवली, कपाटाला गाठ मारली, रस्त्यावर जमलेल्या झाडून सगळ्यांना दोरीवर रांगेने उभं केलं, नटूनथटून आलेल्या बायकांनासुद्धा, आणि आरोळी दिली. "हैस्सा!" आधी कुणाला काही कळेना. मग म्हटलं, अरे, चक् कुठे पडतं? तिथे ओढा. झालं. टाचेच्या बुटांतल्या बायका, पोस्टमन, एक पाद्री, सगळे फटीत ओढत उलट्या पावलांनी रस्त्यावरून मागे सरत गेले आणि कपाट डुलत डुलत खिडकीत पोचलं. रस्त्यात टाळ्या झाल्या.

सामना आपण जिंकला, हे सांगायला हवं का? सेसिलने शेवटी जी तबकडी लावली, ती त्याच आठवड्यात आलेली. कोरं लेबल, गाणारा नाही, नुसता ट्रॉम्बोन, तो लांब पितळी कर्णा, आणि चक्. हॉलमधल्या कुणीच ती आधी ऐकली नव्हती. तशा दोनच प्रती त्याच्या हाती लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक त्याने माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ह्यो तुझो वाटो." हे गाणं पुढे बाजारात कधी आलंच नाही. का, ते कुणाला माहीत नाही. मोठमोठे शौकीन माझ्या तळघरात येऊन ती नुसती बघून जायचे, आणि मी चहा पाजून त्यांना चांगलं जळवायचो.

त्याच हिवाळ्यात लांब बिनपगारी रजा घेऊन मी देवबागला गेलो. एका बिस्किटाच्या डब्यात ती तबकडी, आणि काखोटीला सेलवर चालणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर, कारण गावात तेव्हा वीज कुठली? बापसाच्या प्रश्नाला कागदावर उत्तर देता येत नव्हतं, पण हे ऐकवलं तर समजेल, अशी मला आशा होती. आणि भीतीही होती. त्याला तो नुसता गोंगाट वाटला असता तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी विहिरीवर अंघोळ करून येतो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईने बिस्किटं म्हणून डबा उघडला, आत नवी कोरी काळी वस्तू बघितली, आणि मुलाने लांबून आणलेली नवी वस्तू तशीच कशी वाजवायची? तबकडी पाटावर. हळद, कुंकू, अक्षता. मधल्या पांढऱ्या लेबलावर कुंकवाचं ठसठशीत बोट. वर नारळ फोडून त्याच्या पाण्याचे शिंतोडे, ते कुंकू घेऊन बारीक रेघांत व्यवस्थित उतरलेले. जगात जिच्या दोनच प्रती मला ठाऊक, त्यातल्या एकीची सत्यनारायणाच्या थाटात पूजा झाली होती. आई मात्र इतक्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "आता वाजय," की मला रागवायलाही सुचेना. ओल्या पंच्याने मी ती जमेल तेवढी पुसली.

दुपारी रापण वर आली, वाटे पडायचे होते, माणसं वाळूवर टेकली होती. मी प्लेअर होडीच्या फळीवर ठेवला आणि सुई टेकवली. खरखर झाली. मला वाटलं, संपलं. मग ट्रॉम्बोन आला, आणि त्याच्यामागे चक्, चक्. मध्येच एका ठिकाणी, जिथे कुंकवाचा कण घट्ट बसला होता, तिथे सुईने टक् केलं आणि गाणं पुढे गेलं. बापूस हात मागे बांधून उभा, डोळे समुद्राकडे. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि पायांकडे बघितलं. त्याची टाच वाळूत मागे सरत होती. फटीत.

गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "खंय गावली तुका?" मी कपाट, खिडकी, कप्पी, पाद्री, सगळं सांगितलं. आरोळी कुठली दिली ते सांगितल्यावर मंडळी लोळून हसली. तो हसला नाही.

"म्हणजे विकत नाय घेतलंस?"

"नाय. दोरीक हात लावलंय."

"वाटो?"

"व्हय. वाटो."

तो बांगड्यांचे वाटे टाकायला वाकला. एकेकाचं नाव घेत वाळूवर ढीग टाकत गेला, माझंही घेतलं. मग टोपलीतले चांगले मोठे बांगडे निवडून त्याने माझ्या ढिगाशेजारी एक आणखी ढीग टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो सेसिलाचो." कोण सेसिल, हे रापणीवर कुणीही विचारलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि बापसासारखं मलाही लगेच काम आठवलं, मी सेल काढून पुसत बसलो.

आईने तो वाटा मीठ लावून सुकवला. तो मी लंडनला नेला, बोटीवरच्या सगळ्यांच्या शिव्या खात. सेसिलने वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. त्यांच्या बेटावरही खारवलेल्या मासळीवाचून रविवार होत नाही. त्याने कांदा, मिरची घालून ती परतली आणि आम्ही जिन्यावर बसून हातांनी खाल्ली. त्यानंतर घरच्या पत्रांतून ते शेवटचं वाक्य गेलं. त्या जागी असतं, "सेसिलाक इचारलंय म्हणून सांग."

आता साठचं दशकही संपत आलं. स्का जुना झाला, पोरांना संथ चालीची गाणी हवीत. सेसिलच्या प्रतीचे केव्हाच तुकडे झाले. शौकीन अजून येतात, माझी प्रत औषधाने धुऊन देतो म्हणतात, लेबल स्वच्छ करून देतो म्हणतात. मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो. घर कुठलं असं मला कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचो. आता सांगतो, जिथे आपण नसलो तरी आपल्या नावाचा ढीग पडतो ते. मला तशी दोन आहेत, हे माझं नशीब. रविवारी जेवण झालं की सेसिल खाली येतो, कुंकवाच्या बोटाची तबकडी स्वतःच लावतो आणि डोळे मिटून बसतो. ट्रॉम्बोन चढत जातो, सुई त्या जागेवर येते, टक् वाजतं. सेसिल डोळे न उघडता म्हणतो, "तुझी आवस इली."