सुमोच्या आखाड्याची चिमूटभर माती

सुमो बघायला जायचं हे तात्यांनी कराडलाच ठरवून ठेवलं होतं. तात्या म्हणजे माझे सासरे. सन दोन हजारनंतर पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली पोरं भराभर जपानला जायला लागली, त्यात माझा नवरा अमोलही होता. त्याचं ऑफिस तोयोसुला आणि आमचं बिऱ्हाड उरायासुला, सातव्या मजल्यावर. तिसऱ्या वर्षी तात्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. विमानतळावर पांढरी टोपी, पायजमा आणि करकरणाऱ्या वहाणा बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "माधवी, इथल्या कुस्त्या कुठं होत्यात?"

तात्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते, पण जीव सगळा तालमीत. तरुणपणी बरीच मैदानं मारलेली, डावा कान मोडून त्याची गाठ झालेली. त्यांचे वस्ताद तेव्हा नव्वदीला आलेले आणि अंथरुणाला खिळलेले होते. तात्या निघताना ते म्हणाले होते, "तिकडं बी कुस्ती हाय म्हणं. त्यांच्या आखाड्यातली चिमूटभर माती आण. कपाळाला लावतो आन् मग जातो कुठं जायचं ते." तात्यांनी शब्द दिला होता. त्यासाठी त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी काळी डबी धुऊन, वाळवून बॅगेत आणली होती.

अमोलच्या प्रोजेक्टचं रिलीज डोक्यावर आलेलं, त्यामुळे त्याला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "तूच ने ना त्यांना, तुला सुमोतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं." ते खरंच होतं. उरायासुत पहिलं वर्ष मी एकटीनं घरात काढलं. ओळखी नाहीत, भाषा येत नाही, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा याचंच टेन्शन. स्पर्धा सुरू असली की संध्याकाळी चार ते सहा टीव्हीवर सुमो लागायचा. समालोचन कळत नसलं तरी कोण जिंकलं ते कळायचं, आणि तेवढं पुरे व्हायचं. मी सुमोवर जगले म्हटलं तरी चालेल.

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. टोकियोतल्या स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये होतात. सगळ्यात वरच्या रांगांची स्वस्त तिकिटं तेव्हा त्याच दिवशी सकाळी खिडकीवर मिळायची, माणशी एक, दोन हजार येनच्या थोडी वर. ज्याचं तिकीट त्यानं स्वतः रांगेत उभं राहायचं. आम्ही मे महिन्यात गेलो. पहाटे उठून मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. उरायासुहून तोझाई लाइन, मोन्झेन-नाकाचोला गाडी बदलून ओएदो लाइन, आणि मग र्योगोकु. ओएदो लाइन फार खोल आहे. सरकते जिने संपेचनात तेव्हा तात्या म्हणाले, "विहीर खोदलीय का स्टेशन?"

र्योगोकुला वर आलो आणि तात्या थबकले. समोरून दोन पैलवान सुती किमोनो घालून, लाकडी खडावा वाजवत येत होते. ते गेल्यावर केसांच्या तेलाचा गोड वास मागे राहिला. तात्या वळून वळून बघत होते. "मांड्या बघितल्यास? आमच्या वस्तादांनी बघायला पायजे होत्या," असं ते दिवसभरात चारदा तरी म्हणाले. रांगेत पुढचे आजोबा त्यांचा मोडका कान निरखत होते. तात्यांनी त्यांना दशमी देऊ केली. आजोबांनी दोन्ही हातांनी घेतली, कमरेतून वाकले आणि खिशातून तांदळाचं बिस्कीट काढून दिलं. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, पण रांग पुढे सरकेपर्यंत त्यांचं उत्तम चाललं होतं.

सकाळी साडेआठपासून नवख्या पैलवानांच्या कुस्त्या सुरू होतात. हॉल तेव्हा जवळजवळ रिकामा असतो. तिकीट वरचं असलं तरी दुपारी मूळ मालक येईपर्यंत खालच्या गाद्यांवर बसू देतात. ही युक्ती ऑफिसातल्या तानाका-सानांनी अमोलला सांगितली होती. आम्ही अगदी खाली, आखाड्यापासून चार-पाच रांगांवर जाऊन बसलो. आखाडा म्हणजे मातीचा चौकोनी ओटा, वर भाताच्या पेंढ्याच्या दोरखंडाचं रिंगण. तात्या डोळे बारीक करून बघत होते. "ही माती उकरलेली न्हाय. ठोकून ठोकून दगड केलीय. पाय आपटला की आवाज बघ कसा येतोय. आपला तालमीतला मातीचा हौदा कसा, पडला तरी आईच्या मांडीवर पडल्यागत."

मी त्यांना सांगितलं की बायकांना त्या ओट्यावर पाय ठेवू देत नाहीत. तात्या म्हणाले, "आमच्या तालमीत बी न्हाय."

"का पण?"

"मारुतीची जागा हाय ती."

"मारुतीनं सांगितलंय का तसं?"

तात्या हसले आणि म्हणाले, "तू वस्तादांना विचार जाऊन." लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, दर यात्रेला मी तालमीच्या दारातूनच आत बघायचे. ते मला कायम खुपायचं. इतकं उघड मी पहिल्यांदाच बोलले.

दोन कुस्त्यांच्या मध्ये झाडलोट चालू होती. माझं लक्ष माहितीपत्रकात होतं. वर बघते तर तात्या जागेवर नाहीत. वहाणा रांगेत नीट काढून ठेवलेल्या, आणि तात्या अनवाणी पायांनी थेट आखाड्याकडे निघालेले, हातात ती काळी डबी. आपल्याकडे मैदानात कुणीही म्हाताराकोतारा असाच जातो, वाकतो, माती कपाळाला लावतो, कुणी अडवत नाही. तात्यांनी वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केला. हात मातीपासून वीतभर राहिला असेल, तेवढ्यात निळं जाकीट घातलेला एक डोंगराएवढा माणूस मध्ये आला. त्यानं दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. म्हणजे नाही.

मी धावले. सिटी हॉलच्या वर्गात शिकलेलं सगळं जपानी एका दमात वापरलं. हे माझे सासरे, भारतातले पैलवान, त्यांचे गुरू आजारी आहेत, चिमूटभर माती हवी. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. तो स्वतः निवृत्त पैलवान होता, इथे देखरेखीला असे जुने पैलवानच असतात. त्यानं तात्यांचा कान बघितला. मग मान वळवून स्वतःचा कान दाखवला, तसाच मोडलेला. तात्यांनी हात वर करून त्या कानाला बोट लावलं आणि दोघंही हसायला लागले. मला वाटलं, झालं काम. पण त्यानं पुन्हा हातांची फुली केली, यावेळी खूप हळू, आणि तात्यांपुढे खोल वाकला. त्याच्या हातात नव्हतं ते.

तात्या जागेवर येऊन बसले. डबी खिशात घातली. "नियम म्हंजे नियम," एवढंच म्हणाले. दुपारी तळघरात पैलवानांच्या जेवणातला चांको नावाचा रस्सा मिळतो, भाज्या आणि कोंबडीचा, अगदी स्वस्त. थंडीवाऱ्याचा छान लागतो. तात्यांनी अर्धा वाडगा ठेवला. मटणाच्या रश्श्यावर आडवा हात मारणारा हा माणूस, त्याला घास उतरेना. मला फार वाईट वाटलं. परतीच्या विमानाला दहा दिवस उरले होते आणि वस्तादांचे किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

चारनंतर मोठे पैलवान आले आणि हॉल भरला. आम्ही आमच्या वरच्या खुर्च्यांवर गेलो. मीठ उधळायचं, एकमेकांकडे रोखून बघायचं, परत जाऊन मीठ आणायचं. "एवढी तयारी आन् कुस्ती चार सेकंदांची?" तात्या कुरकुरले. पण हळूहळू त्यांना लय सापडली. एक बुटका, चपळ पैलवान त्याच्या दुप्पट वजनाच्या माणसापुढे उभा राहिला तेव्हा तात्या खुर्चीच्या टोकावर आले. "खाली घूस. पट्ट्याला धर. आता फिर, फिर की गड्या." आणि तो खरंच फिरला, मोठा माणूस ओट्यावरून खाली गेला. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत भिरकावली. ती आमच्या खालच्या चार रांगा ओलांडून गेली. मी शरमेनं खाली बघितलं. पण टोपी हातोहात, प्रत्येकाच्या दोन्ही हातांतून, वर आली. शेवटच्या आजींनी ती झटकून, घडी नीट करून दिली.

सहाला सगळं संपलं.  परतताना गाडीत तात्या एकदाच बोलले, "वस्ताद विचारतील. काय सांगू?"

आता मी काय केलं ते सांगते. घरी आल्यावर दूध आणायचं निमित्त करून मी खाली उतरले. तात्यांनी डबी चपलांच्या कपाटावर ठेवली होती, ती घेतली. बिल्डिंगखालच्या बागेत झोपाळ्यामागे बसून बोटांनी माती उकरली. उरायासुचा तो भाग म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, माती तरी कुठली म्हणायची. डबी भरली, वर घरचं मीठ चिमूटभर टाकलं, अस्सल वाटावी म्हणून. मग तात्यांना म्हणाले, "निघताना तुम्ही बाथरूमला गेला होता ना, तेव्हा त्या जाकीटवाल्यानं गुपचूप कागदात पुडी बांधून माझ्याकडे दिली. कुणाला सांगू नका म्हणाला."

तात्यांनी झाकण उघडलं. बोटानं माती चाळवली, वास घेतला, झाकण लावलं. "बरं झालं," म्हणाले आणि डबी रुमालात बांधून ठेवली.

ते परत गेले त्याला पंधरा दिवस झाले असतील, त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "वस्तादांना दिली माती."

"काय म्हणाले?"

"मी खरं सांगितलं त्यांना. सुनेनं बागेतनं उकरून आणली म्हणून."

 मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, ती माती दगडासारखी, तुझी भुसभुशीत. आन् तुझ्या नखांत किती होती. भाकरी वाढताना दिसत न्हाय व्हय मला?"

"मग रागावले का वस्ताद?"

"न्हाय. म्हणाले, मला धड बघितलं पण न्हाय त्या पोरीनं, आन् माझ्यासाठी बोटं झिजवली. आण ती इकडं. आन् कपाळाला लावली त्यांनी. उरलेली म्हणाले, हौद्यात टाक. मी टाकली."

त्या फोननंतर मी स्वयंपाकघरात बसून भरपूर रडले. वस्ताद महिन्याभरानं गेले. आम्हीही पुढे दोन वर्षांनी कायमचे पुण्याला आलो. तात्या जाऊनही आता चार वर्षं झाली. सुमो मी अजून बघते, आता मोबाइलवर. पण चार वाजता पडदे ओढून एकटीनं बघण्याचे ते दिवस, ओएदो लाइनचे ते जिने आणि आजींनी झटकून दिलेली टोपी यांची आठवण आली की आतून पोकळ व्हायला होतं.

यंदा यात्रेला कराडला गेलो होतो. तालमीत आता सकाळी मुलींचा सराव असतो, वस्तादांची नात शिकवते. सवयीनं मी दारातच उभी राहिले. ती घामाघूम होऊन कुदळीनं हौदा उकरत होती. मला बघून म्हणाली, "काकू, बाहेर का? या की आत."

मी चपला काढल्या. हौद्याच्या कडेला क्षणभर थांबले आणि आत पाय टाकला. माती मऊ होती, तिला तेलाचा आणि हळदीचा वास होता. पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्या मातीत एक डबीभर माझी होती.