तिच्यासमोर नगं

कऱ्हाटीच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या त्या तात्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी त्यांच्या कळपाच्या नोंदी घेते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. मेंढ्यांशी तर दिवसभर भांडतात, "काय गं भवाने, त्या शेतात तुझं माहेर हाय का?"

त्या सकाळी एका मेंढीचं कोकरू जन्मताच मेलं. आदल्या दिवशी आई गेलेलं दुसरं एक कोकरू भुकेनं थरथरत होतं. मेंढी आपलंच पिलू वासानं ओळखून पाजते, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

तात्यांनी मेलेलं कोकरू बाभळीमागं नेलं. "तिच्यासमोर नगं," म्हणाले. तिथं त्यांनी त्याचं कातडं सोललं आणि ते ओलं कातडं जिवंत कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं. मी वही मिटली. तात्यांनी ते मेंढीपुढं सोडलं. तिनं त्याला हुंगलं, चाटलं आणि पिऊ दिलं.

"तुम्ही फसवलं तिला," मी म्हणाले.

"व्हय. दोन दिस. मग तिचं तिनं ठरवावं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कातडं काढून टाकलं आणि बाजूला उभे राहिले. मेंढीनं कोकराला बराच वेळ हुंगलं. मग ती जरा सरकून उभी राहिली आणि कोकरानं सडाला तोंड लावलं.

"काय गं भवाने," तात्या म्हणाले, आणि खाली बसून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले.