खिशात उघडणारा चाकू

जत्रेतल्या चाकूवाल्याने मला फसवलं. मनगटावरचे केस कापून मी धार पाहिली, घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. "शेठ, चाकू हातात देत नाही, भांडण होतं," म्हणत त्याने तो फळीवर ठेवला. मी उचलून खिशात टाकला. त्याची स्प्रिंग सैल निघाली. चालताना तो आपोआप उघडतो. आज किल्ली काढताना बोट कापलं.

चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघत बसलोय. धंद्यात भागीदार घेतले तेव्हाही मी धारच पाहिली. जवळ ठेवल्यावर माणूस मिटून राहतो का, हे बघायचं सुचलंच नाही. आता त्यांचे वार सोसून दमलो.

पण चाकूवाल्या, हा तुझ्या खिशात घालून जत्राभर हिंड आणि मग सांग, भांडण कुणी लावलं?