पहिलं दळण

भूकंपाआधी सरजाबाईच्या घरात गहू सणालाच यायचा. निलंग्याच्या पुढं काळ्या रानातलं तिचं गाव. तिथं बारा महिने ज्वारीची भाकरी, आणि सोयरा दारात आला तरच पोळी. पोळी खाल्ली की सरजाबाईचं पोट फुगायचं, दोन दिवस बिघडायचं. घरचे हसायचे, "हिला गोड पचत न्हाई." तेवढ्यावर गोष्ट मिटायची.

मग गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे गाव दगडामातीखाली गेलं. त्यात सरजाबाईची शेवंता गेली, शाळेत नुकती जायला लागलेली. पत्र्याच्या शेडमध्ये मदत आली ती गव्हाची. पोती आली, पाव आले, पुऱ्यांचे डबे आले. ज्वारी जमिनीतल्या पेवातच गाडली गेली होती. मिळेल ते खात सरजाबाई वाळत चालली. लोक म्हणाले, लेकीचा धसका घेतलाय. तिलाही ते पटलं. मेलेल्या लेकरासाठी आईनं एवढं तरी झिजावं, असं तिला वाटायचं, आणि त्या झिजण्याचा तिला आतून आधारही होता.

नवरा सटवाजी तिला आणि धाकट्या बजरंगला घेऊन लातूरला आला. गल्लोगल्ली शिकवण्यांचे फलक लागत होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत होती आणि त्यांना दोन वेळा पोळ्या लागत होत्या. सरजाबाई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला राहिली. उरलेल्या पोळ्या तिच्या. तिच्या हातचं खाऊन कितीतरी पोरं डॉक्टर झाली. ती मात्र काठीसारखी होत गेली. टीबीच्या गोळ्या झाल्या, अंगारे झाले. सटवाजीही गेला. शेवटी बजरंगनं तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशातून नळी घालून तिथं आतडं बघितलं.

"मावशी, हा धसका नाही," तरुण डॉक्टर म्हणाला. "तुमच्या आतड्याला गव्हाचं वावडं आहे. पोळी, रवा, बिस्किट, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा चालणार नाही. जन्मभर."

औषधाविना बरं होणारं दुखणं म्हणून बजरंग खूश झाला. परतीच्या एसटीत लोहा गाव मागं पडलं. मग सरजाबाई खिडकीकडं बघतच म्हणाली, "मग इतकी वर्सं मी शेवंतासाठी झुरले, ते काय गव्हानं?"



ज्वारीवर सरजाबाईच्या अंगात रक्त आलं. अडचण राहिली गिरणीची. आधी गहू दळला असला की दगडाच्या खाचांत बसलेलं त्याचं पीठ मागून टाकलेल्या ज्वारीत उतरतं. इतरांना त्याचं काही नाही. सरजाबाईला तेवढंही पुरायचं. गिरणीवाला मन्मथप्पा तसा भला माणूस. आठवड्याला तो दगड उघडून त्याला छिन्नीनं टाकी लावायचा, झाडून साफ करायचा, आणि त्यावर पहिलं दळण सरजाबाईचं टाकायचा. त्या पहिल्या दळणावर तिचा जीव होता.

मेस सुटल्यावर ती एका शिकवणीवाल्या सरांकडं स्वयंपाकाला जायला लागली. सरांच्या बायकोला, मॅडमना, थायरॉईड. मोबाइलवर काहीतरी बघून त्यांनी गहू सोडला. "मावशी, आता आपण दोघी एकाच पंथाच्या!" त्या टाळी द्यायला हात पुढं करायच्या. मॅडमचं बघून सगळ्या कॉलनीनं गहू सोडला आणि गिरणीवर पहिल्या दळणासाठी डबे येऊन बसायला लागले.

"ताई, पहिलं दळण एकच असतंय," मन्मथप्पा वैतागायचा. "आता काय दगडाला स्वयंवर लावू?"

हे दिवाळीपर्यंत चाललं. मग लेकीच्या वाढदिवसाला मॅडमनी केक खाल्ला, दुसऱ्या दिवशी पाव खाल्ला, आणि काही झालं नाही.

"मावशी, उगीच भ्यायलो. तुम्ही पण थोडी थोडी सवय करा. नाहीतर माझं नवीन करा, धान्यच नको. तूप, पनीर, बदाम."

सरजाबाईनं मनात तोलून पाहिलं. धान्य सोडलं तर गिरणीची कटकटच मिटेल. पण बदामानं पोट भरणारी माणसं वेगळी. आणि सवयीचं म्हणाल तर नांदेडच्या डॉक्टरनं तिचं आतडं बघितलं होतं, मॅडमनी मोबाइल बघितला होता. ती भाकरीवरच राहिली.

पुढच्या पावसाळ्यात तिचं पोट पुन्हा बिघडलं. पायांवर सूज आली, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली.

"भूकंपाचा महिना जवळ आलाय न्हवं," सून तनुजा मायेनं म्हणाली. "आत्या, तुमाला शेवंतावन्सं आठवायल्यात."

"माझ्या आठवणीला जुलाब लावू नकू!" सरजाबाई कडाडली. "तूच पोळीचा हात माझ्या पिठात घालतीस."

तनुजा रडली. सरजाबाईनं तवा बदलला, परात बदलली, डब्याला कुलूप घातलं. काही उपयोग झाला नाही.

एका सोमवारी ती डबा ठेवून घरी न जाता गिरणीच्या बाकावर टेकली. पायांत बळ नव्हतं. मन्मथप्पानं एक गव्हाचा डबा दळला. मग हात न झटकता तिची ज्वारी वर ओतली.

"अप्पा! गव्हावर टाकलंव?"

मन्मथप्पानं गिरणी बंद केली. तो चपापला नाही, उलट हसला.

"आता बघितलंच हाय तर सांगतो. दोन महिने झाले, तुमचं दळण गव्हावरच टाकायलोय. मॅडमचं खूळ गेलं, समद्यांचं गेलं, तुमचंच कसं जाईना? म्हटलं, बाईच्या मनातलं भ्या काढावं. काय झालं सांगा? मेलाव का?"

सरजाबाई त्याच्या पिठानं माखलेल्या भुवयांकडं बघत राहिली. लबाड असता तर शिव्या देता आल्या असत्या. तिनं लुगडं वर करून सुजलेला पाय दाखवला.

"ते वयानं असतंय," मन्मथप्पा म्हणाला. "माझा बी सुजतो."

घरी येऊन तिनं तनुजाला सांगितलं. कुलूप काढून किल्ली तिच्या हातात दिली. तनुजानं किल्ली घेतली, पण दिवसभर त्या डब्याला हात लावला नाही.

लातुरात दुसऱ्या गिरण्या होत्या. पण तिथंही दगड गव्हाचे, आणि हात कुणाचे तरी परकेच. भात तेवढा कुणाच्या दगडाखालून यावा लागत नाही. सरजाबाईनं भाकरी सोडली. तिच्या गावात भात आजाऱ्याला घालायचे. ती दोन्ही वेळा तोच खायला लागली. हळूहळू सूज उतरली. भूक मात्र भागली असं तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांची बदामाची वाटीही मागं पडली होती. आता एकच वेळ जेवायचं आणि त्यात भाकरी.

"मावशी, भाताचं हे कुणी सांगितलं तुम्हाला? वजन उतरतं का यानं?"

"उतरतंय की," सरजाबाई म्हणाली, आणि मॅडमसाठी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.