दादाच्या क्लासमधली मशिनं

दादा गेला तेव्हा आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहत होतो. कावीळ अंगात भिनली आणि आठवड्याभरात सगळं संपलं. तो उल्हासनगरला टायपिंगच्या क्लासला जायचा. कुठल्यातरी ऑफिसात चिकटायचं आणि बाबांना अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून सोडवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आईनं अंथरूण धरलं. जेवण तुटलं, झोप उडाली, हात थरथरायला लागले. उल्हासनगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन ती नुसती गुंगीत पडून असायची.

एकदा आईला घेऊन दवाखान्यातून परतताना त्या क्लाससमोर भंगारवाल्याची हातगाडी उभी दिसली. कॉम्प्युटर आले होते, क्लास बंद होत होता. क्लासचे सिंधी सर टाइपरायटर बाहेर काढत होते. दादा गेल्याचं मी सांगितलं, तसे ते पायरीवरच बसले.

आईनं विचारलं, "यातलं माझ्या पोराचं कुठलं?"

"माताजी, मुलं रोज वेगळ्या मशीनवर बसायची. कसं सांगू?"

"मग सगळीच न्यावी लागतील," आई म्हणाली.

सरांनी हातगाडी परत पाठवली. त्यानंतर जमेल तसं आम्ही दोघी जाऊन एकेक मशीन आणू लागलो. दोन्ही बाजूंनी धरलं तरी हात भरून यायचे. घरी आई रॉकेलच्या फडक्यानं मशीन पुसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. गंजून अडकलेलं अक्षर सुटेपर्यंत ती बोटानं दाबत राहायची. हळूहळू तिला भूक लागायला लागली, दमून झोप यायला लागली. थरथर थांबली तशी डॉक्टरांनी गोळ्या कमी करत बंद केल्या. काय केलंत, असं त्यांनी विचारलं. आईनं रॉकेलनं काळी पडलेली बोटं पदराला पुसली.

बाबांचं मात्र उलटं झालं. तो टकटक आवाज त्यांना सोसवेना. कामावरून आले की ते थेट नदीवर जाऊन बसायचे. अंगावरचे कपडे ढिले पडत चालले होते. एका संध्याकाळी मी बोलवायला गेले.

"तिला बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अजून राहिलीत मशिनं?"

"एकच."

त्या रविवारी ते स्वतः आमच्याबरोबर आले. मशीन त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. छातीशी कवटाळून घरापर्यंत आणलं, आईसमोर ठेवलं आणि चहाही न घेता नदीकडे निघून गेले.