चिंचेने घासलेला होन

मंगळवारी अण्णा गेले. आज तांब्या घासताना चिंचेचा वास आला आणि बंगळुरातल्या चामराजपेटेतली एक दुपार आठवली.

माझ्या या थोरल्या भावाला जुन्या नाण्यांचा नाद. शिवाजीनगरच्या भंगारात त्यांना सोन्याचा होन सापडला. लक्ष्मीपूजनासाठी मी तो चिंच-रांगोळीने लख्ख घासला, त्यांना न विचारता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नाण्यांच्या एका जाणकार गृहस्थांकडे गेलो; ते होन भिंगातून बघत राहिले.

“सोनं खरंय. पण अक्षरं झिजलीत, राजा कोणता ते कळत नाही. मग मोल काय सांगू? कुणी घासलं हो?”

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीच, सर. स्वल्प जोरातच घासलं.”

घरी गेल्यावर माफी मागायचं ठरवलं होतं. मागितली नाही. होन आता माझ्याकडे आहे.