आधी तारीख

“आधी तारीख!” आणि बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक. गुन्हा कोणताही सांगा, सरांचा पहिला प्रश्न हाच.

वर्गाला लागूनच माझं ग्रंथालय, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. सर जुन्नरहून जीपनं यायचे आणि नारायणगावच्या आमच्या लॉ कॉलेजात तासांवर शिकवायचे. दोन हजार चोवीसच्या एक जुलैला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून त्यांच्या पिशवीत जुनं आणि नवं, दोन्ही पुस्तकं असायची.

“सर, आमच्या राजुरीत टोमॅटोचे क्रेट चोरले,” एक पोरगा म्हणाला.

“कधी?”

“त्यानं काय व्हतंय, सर? चोरी ती चोरीच.”

“तीस जूनला उचलले तर जुना कायदा, एक जुलैला उचलले तर नवा. क्रेट तेच, चोर तोच. तारीख न विचारता उभा राहिला तो वकील गाढव.”

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. परीक्षेला न येणारंच जीव तोडून शिकवतात. पोरांनी सह्या करून तक्रार दिली : जुनं पेपरात नाही, मग कशाला? प्राचार्यांनी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता भिंतीवर लावला. झाला बदल. सरांना म्हणाले, “पुढच्या टर्मचं कळवतो.” कळवलं नाही.

मला आदेश आला, जुनी पुस्तकं रद्दीत काढा. शेवटच्या दिवशी सर काउंटरवर आले.

“बाई, एक संच तरी ठेवा. जुने खटले अजून लई वर्षं चालतील. पोरं कोर्टात उघडी पडतील.”

“जागा नाही, सर.”

जागा होती. कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच होता.

“बरं,” म्हणाले, आणि जीप गाठायला निघाले.

परवा त्यांची एक विद्यार्थिनी आली. आता जुन्नर कोर्टात वकिली करते. पाच वर्षांपूर्वीच्या मारहाणीच्या खटल्यात ती नव्या कायद्याचं कलम सांगून बसली. न्यायाधीशांनी विचारलं, “घटना कधीची?” मागचे वकील हसले. पक्षकार म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी कागद काढून घेतले.

“मॅडम, जुनं पुस्तक द्या ना.”

“नाही राहिलं. सरांनाच विचार की.”

“सर गेले, मॅडम. त्या तक्रारीवर माझीबी सही व्हती.”

“कधी गेले?”

“पावसाळ्यात, म्हणं. तारीख नाय माहीत.”

मलाही नाही. पुस्तकं रद्दीत घातल्याची तारीख मात्र सांगता येते. रजिस्टरात आहे. अक्षर माझं, सही माझी.